साथ गेली, हिशेब राहिला

साथीचा रोग आला की बाईला पहिली धास्ती घरातल्या माणसांच्या जिवाची, आणि दुसरी चुलीची! मार्च 2020मध्ये आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही हेच झालं. 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला, 24च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि महिना संपायच्या आत खुद्द बुलढाण्यात कोरोनाने पहिला बळी घेतला. टीव्हीवर बघत होतो ती गोष्ट दारात येऊन उभी राहिली. तेव्हा आमच्या बचत गटातल्या बायकांचे फोन सारखे यायचे. तोंडी एकच वाक्य, "ताई, आता कसं होईन वं?"

त्या एका वाक्याच्या पोटात कितीतरी प्रश्न होते. किराणा मिळेल का? मजुरी कधी सुरू होईल? घरात पडलेला कापूस विकला जाईल का? पोरांची शाळा, पोरीचं लग्न, गटाचा हप्ता... मैत्रिणींनो, आता या गोष्टीला काही वर्षं लोटली आहेत. घरखर्चाची वही मांडतो तसा याचाही हिशेब एकदा मांडायला हवा. कुठली भीती खरी ठरली, कुठली ठरली नाही, आणि कुठल्या गोष्टीची भीती आपल्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती?

सगळ्यात मोठी भीती होती उपासमारीची. ती उगाच नव्हती. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्या आई-आजीकडून 'मानमोडी'च्या गोष्टी ऐकल्या होत्या. मानमोडी म्हणजे 1918 सालची इन्फ्लुएन्झाची साथ. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. एकीकडे ताप, दुसरीकडे दुष्काळ. देशात एक कोटीहून जास्त माणसं दगावली. 1921च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी भरली, यावरून काय ते समजा!

या वेळी मात्र भुकेची भीती त्या मानाने खोटी ठरली. गोदामात धान्य होतं आणि शेती थांबली नव्हती. एप्रिल 2020पासून रेशन कार्डावर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळू लागलं, ती योजना डिसेंबर 2022पर्यंत चालली. शिवभोजन थाळी 10 रुपयांची 5 रुपयांना झाली. जनधन खातं असलेल्या बायकांच्या खात्यात तीन महिने 500-500 रुपये पडले. शेगावला मंदिराचे दरवाजे बंद होते, पण गजानन महाराज संस्थानाने गरजूंच्या जेवणाची सोय केली. मलकापूर-नांदुरा-खामगाव हा महामार्ग तर आपल्या डोळ्यांदेखतचा. मुंबई-सुरतकडून निघालेली माणसं डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं घेऊन याच रस्त्याने पूर्वेकडे चालली होती. त्यांना भाकर-ठेचा आणि पाणी देणारे हात आपल्याच बायाबापड्यांचे होते. ही जमेची बाजू आधी लिहायलाच हवी.

पण पोटाला मिळालं म्हणजे संसार चालला असं नाही ना! हातात नगद पैसा लागतो. तो आटण्याची भीती मात्र शंभर टक्के खरी ठरली. एप्रिल ते जून 2020 या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळपास 24 टक्क्यांनी घटलं, असं सरकारी आकडाच सांगतो. शेती तेवढी वाढली. पण शेतात पिकलं तरी बाजारात विकलं जावं लागतं. टाळेबंदीत सीसीआयची कापूस खरेदी थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा केंद्रावर दिवसाला मोजक्याच गाड्या घ्यायच्या, त्यासाठी आधी नाव नोंदवायचं. मृग तोंडावर आला, तरी कित्येक घरांत कापसाचा ढीग तसाच! बियाण्याला पैसा आणायचा कुठून?

शेगावचं तर अवघं गाव भक्तांच्या येण्याजाण्यावर जगतं. हार-फुलं, प्रसाद, ऑटो, लॉज, खेळण्यांची दुकानं... मंदिर मार्च 2020मध्ये बंद झालं ते नोव्हेंबरमध्ये उघडलं. दुसऱ्या लाटेत राज्यातली मंदिरं पुन्हा बंद झाली, ती थेट 7 ऑक्टोबर 2021ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. पंढरीची पायी वारी दोन वर्षं झाली नाही. लग्नं पन्नास माणसांत होऊ लागली. खर्च वाचला म्हणून आपण खूश झालो, पण मांडवात पोळ्या लाटणारी, ब्लाउज शिवणारी, मेंदी काढणारी, पार्लर चालवणारी बाई रिकामी बसली. तिच्या या कमाईची नोंद कुठल्या कागदावर नव्हती, म्हणून बुडाली तेव्हाही नोंद झाली नाही.

मग काय झालं? डबा उघडला! पोत, डोरलं, कानातले, जे होतं ते गहाण पडलं. ऑगस्ट 2020मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा बँकांना दिली. सोय झाली खरी, पण जेवढं कर्ज मोठं, तेवढं सोडवणं अवघड. कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्ट 2020अखेरपर्यंत सवलत होती, तिचा अर्थही पुष्कळ बायकांना हप्ता माफ झाला असाच वाटला. हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. हे नीट समजावून कुणी सांगितलं नाही. सवलत संपल्यावर आकडा बघून बायकांचे डोळे पांढरे झाले.

पोरांच्या शिक्षणाचंही असंच. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर 2020पासून आणि पाचवी ते आठवीचे जानेवारी 2021पासून काही दिवस भरले, पुन्हा बंद पडले. पहिली ते चौथीची लेकरं मार्च 2020मध्ये घरी बसली, ती डिसेंबर 2021मध्ये वर्गात गेली. अभ्यास मोबाइलवर. घरात मोबाइल एक. तो आधी बापाला, मग पोराला, आणि भांडी घासून झाल्यावर उरलाच तर पोरीला. 'शाळा बंदच आहे, थोडक्यात उरकतंय तर उरकून टाकू' म्हणत अठराच्या आतल्या पोरींची लग्नं लावायचा घाट कुठे कुठे घातला गेला. आर्थिक अडचण घरावर आली की पहिला काटकसरीचा घाव पोरीवर पडतो, हे जुनंच दुखणं साथीने पुन्हा उघडं केलं.

आता तिसरा भाग. ज्याची भीती आपण धरलीच नव्हती!

फेब्रुवारी 2021मध्ये अमरावती, अकोला, बुलढाणा या आपल्या पट्ट्यात आकडे पुन्हा चढू लागले. एप्रिल-मे महिन्यांत तर कर्ती माणसं गेली, तिशी-चाळिशीतली. आमच्या गटातल्या एकीचा नवरा मालवाहू गाडी चालवायचा. मे महिन्यात गेला. तेरवी होते न होते तोच गाडीच्या हप्त्याचा माणूस दारात उभा. कर्ज किती, कुणाकडून, कागद कुठे, काही तिला माहीत नाही. मोबाइलला पासवर्ड. बँकेचं पासबुक सापडलं, त्यात नॉमिनी म्हणून सासऱ्याचं नाव. "त्यायलेच ठावं होतं सारं," एवढंच ती म्हणत होती. खात्यातून दरवर्षी 330 रुपये कापले जात, ते 2 लाखांच्या विम्यासाठी होते, हे आम्ही पासबुक वाचून तिला सांगितलं. तो विमा तिला मिळाला, पण विचार करा, पासबुक कुणी वाचलंच नसतं तर?

सरकारने मदत केली नाही असं नाही. कोरोनाने गेलेल्या माणसामागे 50 हजार रुपये जाहीर झाले. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही, एवढ्याच कारणाने मदत नाकारू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021मध्ये बजावलं. एकल झालेल्या बायकांसाठी राज्यात 'मिशन वात्सल्य' सुरू झालं. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच. कागद आणा! आणि कागद बाईकडे नव्हता. सातबारा सासऱ्याच्या नावे, घर दिराच्या नावे, गाडी फायनान्सच्या नावे. बाईच्या नावे फक्त कपाळ, तेही आता पुसलेलं.

त्याविषयीही बोलायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं. त्याच महिन्यात इतर गावांनीही तसं करावं, असं परिपत्रक सरकारने काढलं. आपला तर जिजाऊंचा जिल्हा! शहाजीराजे 1664मध्ये गेले. त्यानंतर दहा वर्षं जिजाऊ उभ्या राहिल्या, राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला. दर 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जायचं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या विधवेला बोलवायचं नाही, हे आपल्याला शोभतं का?

पुढची साथ कधी येईल, कुणी सांगावं! दवाखाने, लस, ऑक्सिजन हे सरकारने बघायचं. आपल्या हातातलं आपण बघू. घरातली सगळी खाती, विमा, कर्ज एका वहीत लिहून घ्या. कुणाचे पैसे येणं आहेत, कुणाचे देणं आहेत, तेही लिहा. नॉमिनी कोण आहे ते बँकेत जाऊन विचारा, जमलं तर खातं दोघांच्या नावे करा. तो दोन लाखांचा विमा आता 436 रुपयांना आहे, तुमच्या खात्यातूनही निघू शकतो. नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी 1992पासून 'लक्ष्मी मुक्ती' योजना आहे, तलाठ्याकडे चौकशी करा. आणि अठराच्या आतल्या पोरीचं लग्न ठरतंय असं कानावर आलं, तर 1098वर फोन करा.

'असं अभद्र कशाला बोलता' असं घरात कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. दिवाळीच्या आधी डबे खाली काढून पुसतोच ना आपण? तशीच एका रविवारी दुपारी कागदांची पिशवी खाली काढा, दोघं मिळून बसा आणि वही लिहायला घ्या. पोरगी मोठी असेल तर तिलाही जवळ बसवा.