परमुलखात पत कशी उभी राहते?

पावसाने पाठ फिरवली की शेतकऱ्याच्या घरातला एखादा मुलगा पोटापाण्यासाठी बाहेर पडतो, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. नोकरी मिळाली तर ठीक. पण पुष्कळांना स्वतःचा छोटा धंदा घालावासा वाटतो. मग घरात एकच विषय निघतो : भांडवलासाठी किती गुंठे विकायचे? विस्तारकामासाठी गावोगाव फिरताना हा प्रश्न नेहमी कानी येतो. जमीन एकदा गेली की परत येणे कठीण. म्हणून परमुलखात जाऊन जे स्थिरावले, त्यांना खरा आधार कशाचा मिळाला, हे आधी समजून घेतलेले बरे.

गलाईवाल्यांची रीत

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी हा दुष्काळी भाग. विटा परिसरातील शेतकऱ्यांची मुले सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली आणि आज केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंतच्या सराफ बाजारांत हे गलाईवाले आढळतात. जुने दागिने आणि मोड वितळवून, त्यातला हीण काढून, शुद्ध धातू करून देणे हे त्यांचे काम.

या धंद्यात सराफ आपले सोने दुसऱ्याच्या हाती देतो. अनोळखी पोराला ते कोण देईल? म्हणून नवा मुलगा आधी मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात राहतो. भट्टी लावणे, मूस धरणे, तेजाब सांभाळून वापरणे, वजन आणि कस ओळखणे हे शिकतो. तिथली भाषा शिकतो. बाजार त्याला ओळखू लागला की भाऊबंदांच्या मदतीने तो आपली वेगळी खोली घेतो. भांडवल लागतेच; पण त्याच्या आधी हुन्नर येतो आणि ‘हा आमचा माणूस आहे’ असे सांगणारा कोणीतरी लागतो.

गुजरातचे पाटीदार

हीच रीत सातासमुद्रापलीकडेही दिसते. अमेरिकेत हमरस्त्यालगत प्रवाशांच्या मुक्कामाची जी छोटी हॉटेले असतात, त्यांना मोटेल म्हणतात. १९४० नंतरच्या दशकात कानजीभाई देसाई नावाच्या गुजराती गृहस्थांनी कॅलिफोर्नियात हॉटेल चालवायला घेतले आणि मागून येणाऱ्यांनाही त्याच धंद्यात पडण्याचा सल्ला दिला. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांच्या प्रवेशाचा कायदा बदलला, तेव्हा गुजरातचे पाटीदार मोठ्या संख्येने गेले. त्यांतले बरेचजण मूळचे शेतकरी कुटुंबांतले. नातलगांनी एकमेकांना केवळ शब्दावर, पुष्कळदा बिनव्याजी पैसे दिले. कुटुंब मोटेलमध्येच राही आणि खोल्या झाडण्यापासून चादरी धुण्यापर्यंत सारे काम घरची माणसे करीत.

पण धंदा वाढवायची वेळ आली तेव्हा नातलगांचा पैसा अपुरा पडू लागला. बँका आणि विमा कंपन्या भारतीयांना दारात उभे करीनात. तेव्हा हे लोक संघटित झाले आणि १९८९ साली आशियाई अमेरिकन हॉटेल मालकांची संघटना स्थापन झाली. आज त्या देशातील अर्ध्याहून अधिक हॉटेले या संघटनेच्या सभासदांच्या मालकीची आहेत.

भिशी कागदावर आली

ज्याला मामा नाही, भाऊबंद नाहीत, त्याने काय करावे? याचेही उत्तर अमेरिकेतच सापडते. तिथे गेलेल्या मेक्सिकोच्या लोकांत आपल्या भिशीसारखी पद्धत आहे; तिला ते तांदा म्हणतात. कोरियन लोकांतही भिशी चालते. अडचण एवढीच की, वर्षानुवर्षे हप्ता न चुकवणाऱ्या माणसाचीही बँकेच्या वहीत नोंद नसते. सॅन फ्रान्सिस्को शहरातील मिशन अॅसेट फंड या संस्थेने २००८ पासून अशा भिश्या रीतसर लिहून घेण्यास सुरुवात केली. व्याज नाही, मात्र प्रत्येक हप्त्याची नोंद पतमापन करणाऱ्या संस्थांकडे जाते. आपण ज्याला सिबिल म्हणतो, तसलीच ही पत. भिशी तीच राहिली, पण ती कागदावर आल्याने गरीब माणसाला कर्जाची वाट मोकळी झाली.

यातून ध्यानात घ्यायचे ते हे : गावाचा आणि नात्याचा आधार माणसाला दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत नेतो. पुढची चढण कागदावरच्या पतीनेच चढता येते.

घरच्यांनी काय करावे?

मुलगा धंद्यासाठी बाहेर निघाला, तर त्याला आधी त्याच धंद्यात वर्ष-दोन वर्षे हाताखाली काम करू द्यावे. नातलगाकडे ठेवताना पगार किती आणि मुदत किती, हे आधीच बोलून घ्यावे. नाहीतर नात्याच्या नावाखाली पोर फुकट राबते. नातलगांचे पैसे घेतले तरी कागद करावा आणि परतफेड बँकेतून करावी. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून घ्यावी. भिशी ओळखीच्यांतच लावावी आणि वहीत सह्या घ्याव्यात.

शहरात हातगाडी लावणाऱ्यांसाठी २०२० पासून पंतप्रधान स्वनिधी योजना आहे. तीत तारण लागत नाही. २०२५ मधील फेरबदलानंतर पहिले कर्ज १५ हजार रुपयांपर्यंत, ते वेळेवर फेडले की दुसरे २५ हजारांपर्यंत आणि तिसरे ५० हजारांपर्यंत मिळते. नगरपालिकेचे विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र मात्र हवे. अशा पायऱ्या उपलब्ध असताना पहिल्याच वर्षी काळी आई विकायची घाई का करावी?

आणि एक गोष्ट. आपल्या आठवडे बाजारातही परप्रांतातून कोणी पाणीपुरीची गाडी घेऊन येतो, कोणी सुतारकाम करतो. त्यांच्याकडून जागेचे भाडे घ्यावे, पण पावती द्यावी. काम चोख असेल तर चारचौघांत तसे सांगावे. आपला मुलगा दूरच्या शहरात ज्या दोन गोष्टींसाठी तिष्ठत असतो, त्या याच : एक पावती आणि एक चांगला शब्द.