प्रभुभोजन आणि पंक्तिप्रपंच

ख्रिस्ती धर्मांतील ज्या विधीस मराठींत 'प्रभुभोजन' म्हणतात, त्याविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतूनहि फारशी माहिती नसते. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट एवढेंच बाहेरून दिसतें, व 'हा त्यांचा प्रसाद' असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु या विधीचें मर्म निराळें आहे. त्यास नव्या करारांत 'कोइनोनिया' असा ग्रीक शब्द योजिला आहे. 'कोइनोस्' म्हणजे समाईक. त्यापासून हा शब्द निघाला. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस 'समाईक' या शब्दाचें वजन सांगावयास नको.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीं येशूनें शिष्यांबरोबर अखेरचें भोजन केलें. भाकर हें आपलें शरीर व प्याला हें आपलें रक्त असें सांगून, आपल्या स्मरणार्थ हें करीत जा, अशी त्यानें आज्ञा केली. या प्रसंगाचा सर्वांत जुना लिखित वृत्तांत पौलानें करिंथकरांस इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत सांपडतो. आणि तो लिहिण्यास निमित्त झालें तें एका पंक्तिप्रपंचाचें!

करिंथ हें ग्रीस देशांतील भरभराटीचें व्यापारी शहर. तेथील मंडळींत सधन होते, तसे दासहि होते. त्या काळीं प्रार्थनामंदिरें नव्हतीं. उपासना कोणाच्या तरी घरीं होई व तींत पुरतें जेवण असे. सधन लोक आपलें अन्न आधींच खाऊन घेत. ज्यांजवळ कांहींच नसे, ते उपाशी राहत. पौलानें बजाविलें कीं, हें प्रभूचें भोजनच नव्हे. ज्यांजवळ नाहीं त्यांस लाजवूं नका, एकमेकांसाठीं थांबा. त्याच पत्रांत पुढें त्यानें मंडळीस एका देहाची व प्रत्येक माणसास त्याच्या अवयवाची उपमा दिली आहे. एक अवयव दुःखी, तर सर्व देह दुःखी.

पुढें सुमारें इ. स. १५० मध्यें रोम येथें जस्टिन यानें लिहून ठेविलें आहे कीं, जे येऊं शकत नसत त्यांचा वांटा त्यांच्याकडे पोंचविला जाई, आणि जमलेल्या दानांतून अनाथ, विधवा, रोगी व बंदिवान यांची तरतूद होई.

भाकरींत ख्रिस्त कोणत्या प्रकारें असतो, यावर मात्र मोठे वाद झाले. रोमन कॅथॉलिक मतें भाकरीचें मूलतत्त्वच पालटतें. ल्यूथरच्या मतें भाकर भाकरच राहते, पण तिच्यासह ख्रिस्ताचें शरीर खरोखर असतें. झ्विंग्लीच्या मतें हें केवळ स्मरण. १५२९ सालीं मारबुर्ग येथें हे दोघे समोरासमोर बसले, तरी या एका मुद्द्यावर त्यांचें जुळलें नाहीं. आजहि अनेक पंथ एकमेकांच्या पंक्तीस बसत नाहींत. ऐक्याचा विधीच दुहीचें कारण व्हावा, हें शल्य त्यांच्यांतील विचारवंतांस सलत आलें आहे.

आपण या वादांत पडावयाचें कारण नाहीं. पण पौलाचा प्रश्न परका नव्हे. यजमानाच्या पानांत तूप आणि शेवटच्या पानांत कोरडा भात, हा प्रकार आपल्या पंक्तींनींहि पाहिला आहे. देवाचें नांव घेऊन बसलेल्या पंक्तींत शेवटच्या पानाकडे कोण पाहतो, एवढेंच त्यानें विचारलें होतें.