इशारा आला, आता हातात किती तास?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात सर्दीतापाच्या रुग्णांबरोबर एक प्रश्नही हटकून येतो. "डॉक्टर, आज रेड अलर्ट आहे म्हणतात आणि बाहेर तर ऊन पडलंय. या हवामान खात्याचं काही खरं असतं का हो?" विचारणारा हसत विचारतो. मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पुराच्या दिवसांत दगावतात किंवा हाल सोसतात त्यांतले बरेचजण पाण्यात वाहून गेलेले नसतात. कोणाचे इन्शुलिन संपलेले असते, कोणाला कळा सुरू झालेल्या असतात, कोणाला साप चावलेला असतो आणि रस्ता मात्र बंद झालेला असतो. म्हणून आज औषधांऐवजी इशाऱ्याविषयी लिहितो. माझ्या मते इशारा हासुद्धा आरोग्याचाच विषय आहे.

प्रथम रंगांचा अर्थ पाहू. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. हा रंग केवळ किती पाऊस पडेल एवढ्यावर ठरत नाही. तो पडण्याची शक्यता किती आणि पडला तर नुकसान किती, या दोन्हींचा त्यात विचार असतो. त्यामुळे लाल इशाऱ्याच्या दिवशी ऊन पडले म्हणजे खात्याने फसवले असे होत नाही. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला आम्ही रात्रभर रुग्णालयात ठेवून घेतो. त्यांतले अनेकजण सकाळी चालत घरी जातात. डॉक्टरने फसवले असे त्यावेळी कोणी म्हणत नाही!

आता आकडे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस झाला तर त्याला जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ किंवा त्याहून अधिक झाला तर अत्यंत जोरदार पाऊस म्हणतात. ही मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते. मिलिमीटर म्हटले की तो किरकोळ वाटतो. पण हजार चौरस फुटांच्या छपरावर २०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या एका छपरावरून सुमारे साडेअठरा हजार लिटर पाणी खाली येते. सगळ्या गावाच्या छपरांचा, डोंगरांचा आणि शेतांचा हिशेब वाचकांनीच करावा.

इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, पाऊस मात्र जिल्हा पाहून पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर झाला. एकाच शहरात एवढा फरक, तर उरणपासून पोलादपूरपर्यंत पसरलेल्या आपल्या पंधरा तालुक्यांची काय कथा?

आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. रोह्यात नुसती भुरभुर असते आणि कुंडलिका फुगू लागते, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. पाऊस वर घाटमाथ्यावर पडलेला असतो. सह्याद्री आपल्या इतका जवळ आणि इतका उभा आहे की तिथले पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही. पाऊस पडल्यापासून सहा तासांच्या आत येणाऱ्या पुराला अचानक येणारा पूर म्हणतात. अशा पुरासाठी हवामान खाते २०२० पासून वेगळी सूचना देते. पुढच्या सहा तासांतला धोका आणि चोवीस तासांतला संभव, असे तिचे दोन भाग असतात. म्हणून रोहा, अष्टमी, नागोठणे येथील लोकांनी आपल्या अंगणातला पाऊस पाहून निर्णय घेऊ नये. घाटमाथ्यासाठी काय इशारा आहे तेही ऐकावे. धरणातून पाणी सोडण्याची सूचनाही तितकीच महत्त्वाची. हेटवणे धरणाखालच्या गावांनी तर ती कानाआड करूच नये.

पेणकरांना आणि विशेषतः खारेपाटातल्या मंडळींना दुसरे भय भरतीचे. उधाणाच्या वेळी खाडी भरलेली असते, भोगावतीच्या आणि ओहोळांच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते शेतांत व घरांत शिरते. भरतीची वेळ काढण्याची कोळी बांधवांची रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, दुपारी व मध्यरात्री. खाडीत आतवर भरती थोडी उशिरा पोचते. मोठा पाऊस, अमावास्या किंवा पौर्णिमेचे उधाण आणि बाराचा सुमार हे तिन्ही जुळले की समजावे, पाणी लवकर उतरणार नाही.

वादळाची गोष्ट निराळी. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाची खबर आधीच मिळाली होती. किनाऱ्यावरची माणसे हलवता आली. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केले आणि नागोठण्यात हाहाकार माजवला, तेव्हा हातात असा वेळ नव्हता. वादळ दिवस देते, अचानक येणारा पूर तास देतो आणि कधीकधी तेवढेही देत नाही. म्हणून नारिंगी रंग दिसताच, म्हणजे लाल होण्याची वाट न पाहता, घरातल्या आजारी माणसाचा विचार सुरू करावा असा माझा आग्रह आहे.

तो कसा करायचा? जिचे दिवस भरत आले आहेत अशी सून किंवा लेक घरी असेल आणि घर ओहोळापलीकडे किंवा वाडीवर असेल, तर तिला आधीच पेण-रोह्यासारख्या गावात नातेवाइकाकडे आणून ठेवावे. आशाताईंना तसे कळवावे. डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिथेच ती सर्वांत कमी होते. कळा सुरू झाल्यावर रात्री पाण्यातून डोलीने नेण्यापेक्षा चार दिवस पाहुणी म्हणून राहणे केव्हाही बरे. डायलिसिस चालू असलेल्या रुग्णाने आपल्या केंद्राला फोन करून पाळी एक दिवस अलीकडे घेता येईल का ते विचारावे. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, हृदयविकार, दमा यांची निदान आठवड्याची औषधे घरात असावीत. फिट्सच्या गोळ्या एकदोन दिवस चुकल्या तरी झटका येऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंचावर ठेवावी. वीज गेली की इन्शुलिन फुकट गेले असे मानून ते फेकून देऊ नका. वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, थंड जागी सुमारे चार आठवडे टिकते. मातीच्या माठात पाणी घालून त्यात कोरड्या डब्यात ठेवली तर उत्तमच. ती बर्फात मात्र ठेवू नये, गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

पिण्याचे पाणी आदल्या दिवशीच झाकून भरून ठेवावे. मोबाइल चार्ज करून ठेवावा. पाणी घराकडे येताना दिसले तर प्रथम विजेचा मेन स्विच बंद करावा. पण तुम्ही स्वतः पाण्यात उभे असाल तर त्याला हात लावू नये.

प्रत्यक्ष पुरात एकच सांगणे आहे. फरशीवरून पाणी वाहत असेल तर पलीकडे जाऊ नका, मग पलीकडे कितीही महत्त्वाचे काम असो. गुडघाभर वेगाच्या पाण्यात धडधाकट माणसाचाही पाय टिकत नाही आणि दोन फूट पाण्यात मोटार तरंगू लागते. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार आजही होतात. ते घातक आहेत. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

पूर आला की बिळांत पाणी शिरते आणि साप कोरडी जागा शोधत घरात येतात. अंथरूण झटकून घालावे, अंधारात लाकूडफाट्यात हात घालू नये. दंश झाल्यास कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. तो अवयव फळकुटाला बांधून स्थिर ठेवावा आणि माणसाला चालू न देता सरकारी रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पाणी ओसरले की आमच्या मते खरे दिवस सुरू होतात. विहिरीचे पाणी जलसुरक्षकाने ब्लीचिंग पावडर टाकून शुद्ध केल्याखेरीज पिऊ नये. तोवर, आणि त्यानंतरही आठ-दहा दिवस, खळखळून उकळलेलेच पाणी प्यावे. जुलाब लागल्यास पहिल्या जुलाबापासूनच मीठ-साखरेचे किंवा ओआरएसचे पाणी सुरू करावे.

आणि लेप्टो. २००५ च्या पुरानंतर ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. उंदीर व जनावरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्याचिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात शिरतात. लावणी अनवाणीच होते, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांना हा धोका पुराविनाही असतोच. पुराच्या पाण्यातून चालल्यावर साबणाने पाय धुवावेत, जखम असल्यास झाकावी, जमल्यास गमबूट घालावेत. प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात, पण गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना ते सहसा देत नाहीत. म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, शेजाऱ्याच्या पुडीतले नको. जंतू शिरल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप येतो, क्वचित महिनाही लागतो. तोवर आपण पूर विसरलेलो असतो. ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल, अशी लक्षणे दिसली तर दुकानातून तापाची गोळी आणून स्वस्थ बसू नये. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली किंवा दम लागू लागला तर त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालय गाठावे. आणि तिथे गेल्यावर, डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे की अमुक तारखेला मी पाण्यातून चाललो होतो.