सागरी मार्गावर नौदलाची सोबत : एका अंदाजाची पैसेवारी

गोदावरीच्या काठी वसलेले पुणतांबा हे राहाता तालुक्यातील गाव चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. जून २०१७ मधील शेतकरी संपाची हाक याच गावातून दिली गेली. समुद्र येथून दूर. तथापि समुद्राशी या गावाचा संबंध नाही असे मात्र म्हणता येणार नाही. उसाला द्यावयाच्या पालाश खतासाठी आपला देश जवळजवळ सर्वस्वी आयातीवर अवलंबून आहे. त्यांपैकी जॉर्डन व इस्रायलकडील मालाचा नेहमीचा मार्ग तांबड्या समुद्रातून येतो. ट्रॅक्टरला लागणाऱ्या डिझेलचे मूळ खनिज तेल बऱ्याच अंशी होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येते, आणि नाशिक परिसरातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांचा नेहमीचा मार्गही तांबड्या समुद्रातूनच. म्हणून या वाटांवर हल्ले सुरू झाले की, ‘व्यापारी जहाजांना नौदल सोबत देईल काय?’ हा प्रश्न शेतकऱ्याच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची रीत आपल्या गावांना अपरिचित नाही. पिकाची पैसेवारी ठरविताना प्रथम नजर पैसेवारी, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. पहिला आकडा अंतिम नसतो. माहिती हाती येईल तसतसा तो बदलतो. सागरी संरक्षणाचा अंदाजही असाच टप्प्याटप्प्याने बांधावयास हवा.

सोबत म्हणजे नेमके काय?

पन्नास पैशांची रेषा निश्चित असते म्हणूनच पैसेवारीला अर्थ असतो. त्याचप्रमाणे येथेही शब्दांचा अर्थ आधी निश्चित केला पाहिजे. युद्धनौकांनी एखाद्या क्षेत्रात गस्त घालणे वेगळे, हाक येताच मदतीला धावणे वेगळे आणि जहाजाबरोबर राहून त्याला धोक्याच्या पट्ट्यापार नेणे वेगळे. तिसऱ्या प्रकारालाच खरी सोबत म्हणता येईल. सरकारे बहुधा ‘संरक्षण’ हा व्यापक शब्द वापरतात आणि त्यात पहिल्या दोन प्रकारांचाही समावेश होतो.

पूर्वानुभव

पहिल्या महायुद्धात जर्मनीने फेब्रुवारी १९१७ मध्ये पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध पुकारले. ताफ्याने जहाजे नेण्यास ब्रिटिश नौदल खाते प्रथम राजी नव्हते. एप्रिल महिन्यात आठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाल्यावर, मे महिन्यात प्रायोगिक ताफे निघाले. इराण-इराक युद्धात जहाजांवरील हल्ले १९८४ पासून वाढले. परंतु अमेरिकेने कुवेतच्या तेलवाहू जहाजांवर स्वतःचा ध्वज चढवून त्यांना सोबत देण्यास आरंभ केला तो जुलै १९८७ मध्ये.

भारतीय नौदलाचा अनुभव काहीसा निराळा आहे. सप्टेंबर २००८ मध्ये चाच्यांनी ‘स्टोल्ट व्हॅलर’ हे जहाज पळविले. त्यावर १८ भारतीय खलाशी होते. ऑक्टोबरमध्येच एडनच्या आखातात आपली युद्धनौका तैनात झाली. जून २०१९ मध्ये ओमानच्या आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले झाले, तेव्हा आठवड्याभरात ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू झाले आणि भारतीय ध्वजाच्या जहाजांना सोबत मिळू लागली. यावरून दिसते की, धोका चाच्यांचा असेल किंवा हेतू केवळ आपल्या जहाजांचे रक्षण एवढाच मर्यादित असेल, तर निर्णय लवकर होतो. दुसऱ्या राष्ट्राच्या युद्धात ओढले जाण्याची भीती असेल तर तो लांबतो.

अंदाज कशावर बांधावा?

पहिली कसोटी ध्वजाची. नौदलाचे पहिले दायित्व स्वतःच्या राष्ट्रध्वजाच्या जहाजांप्रती असते; पण भारताचा पुष्कळ माल परकी ध्वजाच्या जहाजांतून येतो. २३ डिसेंबर २०२३ रोजी गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर अंतरावर हल्ला झालेले ‘केम प्लूटो’ हे लायबेरियाच्या ध्वजाचे होते. मात्र त्यावरील खलाशी बहुसंख्येने भारतीय होते. तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ या नौकेने त्याला मुंबईपर्यंत सोबत केली.

दुसरी कसोटी पर्यायी मार्गाची. तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालता येतो. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबतो, भाडे वाढते, परंतु माल पोहोचतो. त्यामुळे सोबतीसाठीचा दबाव कमी होतो. होर्मुझमधील बंदरांना समुद्राची दुसरी वाट नाही. तेथे दबाव अधिक, आणि चिंचोळ्या पाण्यामुळे युद्धनौकेला धोकाही अधिक.

तिसरी कसोटी संख्याबळाची. युद्धनौका मोजक्या असतात, व्यापारी जहाजे अगणित. म्हणून घोषणेपेक्षा कोणती नौका कोठे निघाली याकडे लक्ष द्यावे.

सोबत म्हणजे हमी नव्हे

२४ जुलै १९८७ रोजी अमेरिकेच्या पहिल्याच ताफ्यातील ‘ब्रिजटन’ या अवाढव्य तेलवाहू जहाजाला सुरुंगाचा तडाखा बसला. त्यानंतर संरक्षक युद्धनौकाच त्याच्या मागून चालू लागल्या, कारण सुरुंगाचा आघात सोसण्याची शक्ती त्या मोठ्या जहाजातच अधिक होती. २०२४ मध्येही अमेरिकेची व युरोपीय संघाची नौदले तांबड्या समुद्रात असताना अनेक मोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेचाच वळसा पत्करला. युद्धनौका आल्या तरी विम्याचा हप्ता उतरेपर्यंत व्यापारी त्या वाटेला परतत नाही.

शेतकऱ्याने यातून काय घ्यावे? हल्ल्याची बातमी येताच आपली नजर पैसेवारी मांडावी : ‘गस्त वाढेल’ याला रुपयातले बहुतेक पैसे द्यावेत, ‘प्रत्येक जहाजाला सोबत मिळेल’ याला थोडेच. पुढे युद्धनौका निघाल्या, विमा बदलला, एखादे जहाज सुखरूप पार झाले की आकडा सुधारावा. आणि तोपर्यंत हंगामाच्या खताची तजवीज वेळेआधी करून ठेवावी. समुद्रावरचा निर्णय आपल्या हाती नाही. परंतु त्याचा अंदाज घेऊन पावले उचलणे आपल्या हाती निश्चितच आहे.