रॅम डिस्क : वेगवान, पण विसरभोळी

संगणक संथ चालू लागला, की पहिला संशय हार्ड डिस्कवर घेतला जातो आणि पुष्कळदा तो खराही असतो. फिरत्या तबकडीवरील एखादी नोंद वाचायची, तर वाचणारे टोक योग्य जागी सरकावे लागते आणि तबकडी फिरून ती नोंद त्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. यात सुमारे १० मिलिसेकंद जातात. रॅममधील नोंद मिळायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग पुरतो. म्हणजे फरक एक लाख पटींचा. मग रॅमचाच एक तुकडा बाजूला काढून तो डिस्क म्हणून वापरला तर? या सरळ विचारातून रॅम डिस्क आली. ‘धिस पीसी’मध्ये ती इतर ड्राइव्हसारखीच दिसते, तिच्यावर फाइली ठेवता येतात, पण ती असते केवळ मेमरीत.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९८४ मध्ये पीसी-डॉसच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘व्हीडिस्क’ नावाचा असाच ड्रायव्हर दिला होता. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये ‘रॅमड्राइव्ह’ होता. विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीने संगणक सुरू केल्यावर सीडी ड्राइव्हचे अक्षर एका घराने पुढे सरकलेले अनेकांना आठवत असेल. फ्लॉपीत न मावणारी साधने उलगडण्यासाठी ती मेमरीत एक छोटा ड्राइव्ह तयार करीत असे आणि मधले अक्षर तो घेऊन बसत असे. लिनक्समध्ये २००१ च्या २.४ कर्नलपासून ‘टीएमपीएफएस’ ही सोय अंगभूतच आहे. मॅकवर टर्मिनलमधील एका आज्ञेने रॅम डिस्क तयार होते. घरगुती विंडोजमध्ये मात्र अशी तयार सोय नाही, म्हणून वेगळे सॉफ्टवेअर निवडण्याचा प्रश्न येतो.

तो सोडवण्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : रॅम डिस्क हवी आहे का?

एके काळी याचे उत्तर पुष्कळांसाठी ‘होय’ असे होते. ३२-बिट विंडोजच्या संगणकात ४ जीबी रॅम बसवली, तरी प्रत्यक्षात तीन-साडेतीन जीबीच वापरता येत असे. काही रॅम डिस्क सॉफ्टवेअर ही दडून राहिलेली मेमरी वापरू शकत. फोटोशॉपवर मोठी चित्रे हाताळणाऱ्यांना कामचलाऊ फाइलींसाठी अशी फुकटची जागा मिळणे ही चैनच होती. आता विंडोज ६४-बिट आहे, फोटोशॉपही ६४-बिट आहे. जी मेमरी रॅम डिस्कला द्यायची, ती सरळ फोटोशॉपलाच दिली तर मधला वळसा वाचतो.

शिवाय रिकामी पडलेली रॅम खऱ्या अर्थाने रिकामी नसते. विंडोज नुकत्याच वाचलेल्या फाइली तिच्यात सांभाळून ठेवते; टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर हा आकडा दिसतो. तीच फाइल पुन्हा उघडली तर ती बहुधा मेमरीतूनच येते. एकूण ८ जीबी रॅम असलेल्या संगणकात ३ जीबींची रॅम डिस्क केली, तर ही राखीव फाइलींची जागा आटते. मग विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवरील पेजफाइलमध्ये टाकू लागते आणि वेगासाठी केलेल्या उपायाने संगणक अधिकच रडतखडत चालतो. १६ जीबींच्या खाली या वाटेला न जाणेच बरे. त्यात २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती जगभर चढल्या, त्यामुळे केवळ हौसेखातर मेमरी वाढवणे परवडण्याजोगे राहिलेले नाही.

एसएसडीची झीज वाचावी म्हणून रॅम डिस्क घ्या, असा सल्लाही दिला जातो. येथे थोडे गणित मांडावे. ५०० जीबींच्या चांगल्या एसएसडीवर ३०० टेराबाइट लेखनाची हमी आढळते. रोज ४० जीबी लिहिले तरी हा कोटा संपायला वीस वर्षे लागतील. तोवर तो संगणक कुठे असेल?

खरा लाभ होतो तो हजारो लहान, तात्पुरत्या फाइली लिहून लगेच पुसणाऱ्या कामांत. मोठ्या प्रोग्रामचे संकलन किंवा झिप फाइलींची उलगडाउलगड ही त्याची उदाहरणे. तेही संगणकात अजून जुनी हार्ड डिस्क असेल तेव्हा अधिक जाणवते. आधुनिक एनव्हीएमई एसएसडीवर सेकंदाला काही हजार मेगाबाइट सहज वाचले जातात आणि हाताला कळेल असा फरक क्वचितच उरतो.

एवढे करूनही गरज पटली, तर सॉफ्टवेअर निवडताना वेगाच्या तक्त्यांवर फार वेळ घालवू नये. खाली मेमरी तीच, त्यामुळे रोजच्या कामात त्यांच्यातील फरक किरकोळ ठरतो. पाहायचे ते वीज गेल्यावर काय होते हे.

वीज गेली, की रॅम डिस्कवरील सर्व काही त्याच क्षणी नाहीसे होते. तेथे रीसायकल बिन उपयोगी पडत नाही, की हरवलेल्या फाइली शोधणारे सॉफ्टवेअर. यावर उपाय म्हणून अनेक सॉफ्टवेअर बंद होताना संपूर्ण ड्राइव्हची प्रतिमा हार्ड डिस्कवर उतरवतात आणि सुरू होताना ती परत चढवतात. सोय चांगली, पण तिची किंमत वेळेत मोजावी लागते : ८ जीबींची प्रतिमा सेकंदाला १०० मेगाबाइट लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर उतरायला ८० सेकंद लागतात आणि सकाळी चढायलाही जवळपास तितकाच वेळ. दिवसभर वाचवलेले सेकंद असे दारातच खर्च होतात. शिवाय ही प्रतिमा रीतसर शटडाउन झाले तरच उतरते. अचानक अंधार झाला तर दिवसाचे काम गेलेच. म्हणून ठरावीक वेळाने आपोआप जतन करणारे, तेही केवळ बदललेला भाग लिहिणारे सॉफ्टवेअर मिळत असेल तर त्याला पसंती द्यावी. यूपीएस नसेल तर रॅम डिस्कवर एकमेव प्रत ठेवूच नये.

आणखी एक गोम आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आले. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोजचा गाभा झोपवला जातो, पूर्ण बंद होत नाही. बंद होण्याच्या क्षणी जतन करणारी काही सॉफ्टवेअर येथे फसतात, म्हणून ही सोय बंद करावी लागते.

मेमरी कशी घेतली जाते, हेही पाहावे. काही सॉफ्टवेअर सुरुवातीलाच पूर्ण जागा अडवून बसतात, तर काही फाइली येतील तसतशी घेतात. दुसरा प्रकार काटकसरीचा, पण पुसलेल्या फाइलींची जागा विंडोजला परत मिळते का, हे त्याच्या माहितीपत्रकात तपासावे.

हे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवते, म्हणून जुने, बेवारशी सॉफ्टवेअर नको. स्वाक्षरीची तपासणी बंद करा, असे सांगणारे असेल तर तेथेच थांबावे. ‘सॉफ्टपरफेक्ट रॅम डिस्क’ पूर्वी मोफत होते, ३.४.८ नंतरच्या आवृत्त्या विकतच्या आहेत. त्या शेवटच्या मोफत आवृत्तीचा सल्ला अजूनही दिला जातो, पण तिच्यात पुढच्या दुरुस्त्या नाहीत. ‘इमडिस्क’ मोफत व मुक्तस्रोत आहे. तथापि तो पूर्ण डिस्कऐवजी केवळ एका विभागाचे सोंग घेतो, त्यामुळे काही प्रोग्राम त्याला ओळखत नाहीत. त्याचा कर्ताच आता ‘आर्सेनल इमेज माउंटर’ सुचवतो. ‘प्रायमो रॅमडिस्क’ विकतचे आहे. घेण्यापूर्वी चाचणी आवृत्ती वापरून पाहावी.

मांडणी एनटीएफएस ठेवावी, कारण फॅट ३२ मध्ये ४ जीबींहून मोठी फाइल मावत नाही. विंडोजचा ‘टेम्प’ फोल्डर सरसकट तेथे हलवू नये. काही इन्स्टॉलर रीस्टार्टनंतर लागणाऱ्या फाइली त्यात ठेवतात, त्या गायब झाल्या की अर्धवट बसलेले सॉफ्टवेअर उरते. पेजफाइल तेथे ठेवणारेही महाभाग आहेत. मेमरी कमी पडली म्हणून मेमरीतच उसनवारी करण्याचा हा प्रकार.

पहिल्या दिवशी १ जीबीचा ड्राइव्ह करावा, त्यात काही फाइलींच्या प्रती ठेवाव्यात, एकदा संगणक शट डाउन करून व एकदा रीस्टार्ट करून त्या परत येतात का ते पाहावे. आठवडाभर टास्क मॅनेजरवर नजर ठेवल्यावरच आकार वाढवायचा, की ड्राइव्ह काढून टाकायचा, हे ठरवावे.