पोडावरचे मूल वर्गात गप्प का बसते?

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलाम बांधवांच्या वस्त्या आहेत. त्यांना 'पोड' म्हणतात. पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. असे मूल सहाव्या वर्षी पहिलीत बसते, गुरुजी मराठीत प्रश्न विचारतात आणि मूल गप्प राहते. त्याला काही येत नाही, असा समज होतो. पुढे ते शाळेत येईनासे झाले की दोष आईबापांना दिला जातो. हा न्याय नव्हे, असे आम्हांस वाटते.

अशा मुलाला बोलते करण्याची वाट त्याच्या हातातून जाते. जमिनीवर चौघाचौघांचे गट बसवून पुढे पऱ्हाटीच्या काड्या ठेवाव्यात. दहा-दहाचे दोन गठ्ठे बांधून चार काड्या सुट्या उरल्या, की दशक-एकक मुलाला उमगतात. 'चोवीस' हा शब्द मागाहून आला तरी चालतो. (हा शब्द मराठी मुलालाही अडवतो, कारण लिहिताना दोन आधी आणि बोलताना चार आधी! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस चार' अशी वाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.) चित्रावर गप्पा मारतानाही मुलांनी आधी आपसांत कोलामीत बोलावे, मग दोन्ही भाषा जाणणाऱ्याने मराठीत सांगावे.

हे काही नवे खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांसाठी हेच केले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणावरच शाळा भरवली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही कृतीतून शिक्षण, शक्यतो मातृभाषेचे माध्यम आणि भयमुक्त वातावरण यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मात्र गट केले म्हणजे सहभाग आला, असे नव्हे. गटातील एखादे चुणचुणीत मूल सारे काम उरकते आणि बाकीचे पाहत राहतात. म्हणून काड्या मोजणारा, बांधणारा आणि सांगणारा प्रत्येक वेळी बदलावा. प्रश्न विचारल्यावर शिक्षकांनी थोडे थांबावे; ऐकलेले मराठी मनात उलगडायला त्या मुलाला वेळ लागतो. दोन शिक्षकांवर चार वर्ग असतील तर हे कठीण आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

आमच्या वाचकांपैकी जे शिक्षक असतील, त्यांनी निदान उद्या पहिल्या तासाला मुलांना विचारावे, "पाण्याला तुझ्या घरी काय म्हणतात?" आणि येईल ते उत्तर फळ्यावर लिहावे.