आकड्यांच्या ट्यूब : नफा काचेत नाही, तपासणीत आहे

जुन्या मालाच्या धंद्यात वस्तूची किंमत वस्तूपेक्षा ती ओळखणाऱ्याच्या नजरेत जास्त असते. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम यांचे भाव सर्वांनाच ठाऊक असतात. त्यात किलोमागे दोन-चार रुपयांची ओढाताण चालते. पण जुन्या मोजमापाच्या यंत्रातून निघालेली बोटभर काचेची ट्यूब किलोच्या ढिगात गेली तर तिचे काहीच येत नाही, आणि जाणत्या हाती लागली तर एकेका नगावर गिऱ्हाईक उभे राहते. निक्सी ट्यूब ही अशीच वस्तू आहे. रेडिओ-दुरुस्ती, भंगार आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांत असलेल्या आमच्या वाचकांनी तिची माहिती करून घ्यावी, म्हणून हा लेख.

वस्तू काय आहे?

अमेरिकेतील बरोज कंपनीने ही ट्यूब १९५५ मध्ये बाजारात आणली. काचेच्या बंद नळीत कमी दाबाचा निऑन वायू असतो. त्यात ० ते ९ या आकड्यांच्या आकाराच्या दहा पातळ तारा एकामागे एक बसवलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे बारीक जाळी असते. जाळीला धन बाजू द्यायची आणि हव्या त्या आकड्याची तार ऋण बाजूला जोडायची, की त्या तारेभोवतीचा वायू नारिंगी रंगाने उजळतो. आत फिलामेंट नसते, म्हणून रेडिओच्या व्हॉल्व्हप्रमाणे तापण्याची वाट पाहावी लागत नाही.

व्होल्टमीटर, फ्रीक्वेन्सी काउंटर, कारखान्यातील मोजणीची यंत्रे यांत या ट्यूब वापरल्या जात. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘अनिता’ या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राचे आकडेही अशाच ट्यूबवर दिसत. १९७० नंतर एलईडी आली, ती स्वस्त आणि कमी व्होल्टची. तेव्हा पाश्चात्त्य कारखान्यांनी निक्सी हळूहळू बंद केली. सोव्हिएत संघात मात्र ती त्यानंतरही बरीच वर्षे बनत राहिली.

मागणी कोणाची?

आज मुख्य गिऱ्हाईक म्हणजे घड्याळे बनवणारे कारागीर आणि शौकीन. चार किंवा सहा ट्यूब लावून, लाकडाच्या अथवा पितळेच्या पेटीत घड्याळ बसवून ते विकतात. दुसरे गिऱ्हाईक जुनी यंत्रे दुरुस्त करणारे.

पुरवठा मात्र ठरलेला आहे. गोदामांत पडून राहिलेला सोव्हिएत माल अनेक वर्षे युक्रेन आणि रशियातील विक्रेत्यांकडून जगभर जात होता. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तिकडून माल पाठवणे आणि पैसे पोचवणे दोन्ही अवघड झाले. चेक प्रजासत्ताकात डालिबोर फार्नी या कारागिराने नव्या निक्सी हाताने बनवून दाखवल्या आहेत, पण त्या महागड्या आहेत. त्यामुळे चालू स्थितीतील जुनी ट्यूब हेच बहुतेकांचे भांडवल. आपल्याकडे प्रयोगशाळांची आणि कारखान्यांची जुनी उपकरणे भंगारात निघतात तेव्हा त्यांतही अशी एखादी ट्यूब सापडू शकते. उपकरण हातोड्याने फोडण्याआधी त्याची पुढची पट्टी उघडून पाहिली तर नुकसान काही नाही.

ओळखण्यातली चूक महाग पडते

प्रत्येक आकडा दाखवणारी काचेची ट्यूब निक्सी नसते. निळसर-हिरवा उजेड देणारी व्हीएफडी जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये असते. तिला बारीक फिलामेंट असते आणि सोव्हिएत बनावटीची अशी ट्यूब साधारण २५ व्होल्टवर चालते. काही ट्यूबमध्ये बल्बसारख्या तारा असतात, त्या चार-पाच व्होल्टवरच पेटतात. यांना निक्सीचे व्होल्टेज लावले तर माल जागीच जळतो.

सोव्हिएत मालावरील अक्षरे वाचता आली की हा घोटाळा टळतो. ‘इन’ या नावातील दुसरे अक्षर इंग्रजी एचसारखे दिसते, पण त्याचा उच्चार ‘न’ आहे. ही वायूची ट्यूब. ‘इव’मधील दुसरे अक्षर इंग्रजी बीसारखे दिसते आणि उच्चार ‘व’ आहे; ती निर्वात किंवा फिलामेंटची ट्यूब. इन-१२ आणि इन-१४ यांचे आकडे १८ मिलिमीटर उंच असतात. इन-१२ समोरून पाहायची आणि सॉकेटमध्ये बसणारी, तर इन-१४ बाजूने पाहायची आणि मऊ तारांची. इन-१८ चा आकडा ४० मिलिमीटर. तिचा भाव या दोहोंपेक्षा कितीतरी चढा असतो. इन-१२ आणि इन-१४ मध्ये बहुधा ५ चा आकडा म्हणजे उलटा बसवलेला २ असतो. तो दोष नव्हे. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे, म्हणजे नंतरचा वाद वाचतो.

तपासणीची रीत

प्रथम नजरेने पाहावे. काच बंद करताना राहिलेले टोक तुटले असेल तर वायू गेला म्हणून समजा. आतील चंदेरी डाग दुधी पांढरा झाला असेल तर हवा शिरली आहे. काचेला आतून काळपट आरशासारखा थर असेल तर ट्यूब फार चालली आहे. मऊ तारा काचेच्या अगदी कडेशी तुटल्या असतील तर त्या जोडता येत नाहीत.

मग वीज द्यावी. सुमारे १७० ते १८० व्होल्ट डीसी लागते. जाळीच्या वाटेत रेझिस्टर असलाच पाहिजे. एकदा वायू पेटला की प्रवाहाला आतून फारसा अडथळा राहत नाही आणि रेझिस्टरशिवाय ट्यूब क्षणात खराब होते. हिशेब सोपा आहे. पुरवठा १८० व्होल्ट आणि पेटलेल्या ट्यूबवर सुमारे १४० धरले, तर ४० व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. इन-१४ साठी अडीच मिलिअँपिअर हवे, तर ४० भागिले अडीच म्हणजे १६ किलोओहम. मात्र प्रत्येक जातीचा प्रवाह वेगळा असतो. तिचा तक्ता पाहूनच रेझिस्टर निवडावा.

आता ० पासून ९ पर्यंत एकेक आकडा पेटवावा, दशांशाचा ठिपका असेल तर तोही. आकडा पुरता उजळतो का, अर्धवट राहतो का, दोन आकडे एकदम पेटतात का, थरथर आहे का, हे लिहून ठेवावे. फिकट जांभळी झाक दिसली किंवा काहीच पेटले नाही तर बहुधा हवा शिरली आहे. दोन आकडे एकदम पेटले तर आतल्या तारा एकमेकींना टेकल्या आहेत. एखादा आकडा मुळीच पेटत नसेल तर त्याची जोडणी तुटलेली असते.

वर्षानुवर्षे पडून असलेली ट्यूब अंधाऱ्या जागी पेटायला वेळ घेते. तिच्यावर थोडा उजेड पडू द्यावा आणि काही मिनिटे थांबावे. घाईने तिला मेलेल्यांत टाकू नये.

आजारी आकड्याचा उपचार

अर्धवट उजळणारा आकडा हा या धंद्यातला सर्वांत सामान्य ऐब. घड्याळात तासाच्या पहिल्या घरात ०, १ आणि २ एवढेच आकडे लागतात, बाकीचे सात कधी पेटतच नाहीत. पेटणाऱ्या तारांचे सूक्ष्म धातुकण उडून न पेटणाऱ्या तारांवर बसतात आणि तिथे उजेड येत नाही. उपाय असा की तो एकच आकडा थोडा वाढीव प्रवाह देऊन काही तास, कधी काही दिवस पेटता ठेवायचा. बरेचदा थर निघून जातो. प्रवाह फार वाढवला तर काच काळी पडते, म्हणून धीर धरावा. बरा झालेला आकडाही ‘बरा केलेला’ म्हणूनच विकावा.

पहिली परीक्षा उतरलेली ट्यूब निदान एक दिवस-रात्र चालवून पाहावी. जुन्या, पारा नसलेल्या ट्यूबचे आयुष्य ५,००० तासांच्या आसपास, म्हणजे अखंड चालवल्यास सुमारे ७ महिने. नंतरच्या काही उत्तम ट्यूबमध्ये किंचित पारा घातला जाई. त्यांचे आयुष्य २ लाख तासांपर्यंत, म्हणजे २२ वर्षांहून अधिक सांगितले जाते. गिऱ्हाईक याचसाठी पैसे मोजते, आणि तेच त्याला डोळ्यांनी दिसत नाही.

प्रतवारी आणि हिशेब

म्हणून सगळा धंदा चिठ्ठीवर येतो. आम्ही चार प्रती सुचवू. पहिली, न वापरलेली. दुसरी, वापरलेली पण सर्व आकडे पूर्ण. तिसरी, ऐब असलेली, कोणता आकडा किती आजारी ते लिहून. चौथी, न चालणारी, केवळ शोभेची. यंत्रातून काढलेल्या, पायांवर डाग दिलेल्या ट्यूबचे पाय घासून ‘कोरी’ म्हणून विकणारे बाजारात आहेत. असा माल एकदा खपतो. सहा ट्यूबच्या घड्याळात एक फसली तर कारागिराचे गिऱ्हाईक पूर्ण घड्याळ परत आणते, आणि तो कारागीर पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. एकाच जातीच्या, एकाच तारखेच्या छापाच्या सहा ट्यूबचा संच जुळवून दिला तर सुट्यापेक्षा चांगला भाव मिळतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता हिशेब. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा २०० रुपयांप्रमाणे ४० ट्यूबचा लॉट ८,००० रुपयांना घेतला. त्यात २६ पूर्ण, ८ आजारी आणि ६ मेलेल्या निघाल्या. आता पूर्ण ट्यूबची पडत २०० नव्हे, सुमारे ३०८ रुपये आहे. आजारी ८ मधून जे सुटेल तो वरचा नफा. त्यावर विजेचा, वेळेचा आणि पॅकिंगचा खर्च चढवावा. ट्यूब फोममध्ये खोवून, खोक्यात खोके घालूनच पाठवावी. वाटेत तुटलेला माल विक्रेत्याच्याच खात्यावर पडतो.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी २०१७ च्या केंद्रीय नियमांतील नियम ३२(५) आपल्या कर-सल्लागाराकडून समजून घ्यावा. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर त्यात खरेदी आणि विक्री यांतील फरकावर कर लागतो. मोठ्या प्रमाणावर उपकरणे फोडणाऱ्यांनी १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले ई-कचऱ्याचे नियमही विचारून घ्यावेत. फुटलेल्या ट्यूबमध्ये पारा असू शकतो. ती जाळू नये, उघड्या हाताने गोळा करू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये.

जिवाचा सवाल

घरच्या २३० व्होल्टला थेट डायोड लावून डीसी काढण्याची सवय काही मेकॅनिकांना असते. त्यातून सुमारे ३२५ व्होल्ट निघतात आणि ते सरळ तारेशी जोडलेले राहतात. हा प्रकार मुळीच करू नये. १२ व्होल्टच्या चांगल्या अडॅप्टरवर चालणारे व्होल्टेज वाढवणारे छोटे सर्किट घ्यावे. तेही झटका देते, हे विसरू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. तो रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय ट्यूब बदलू नये. तपासताना एक हात खिशात ठेवण्याची जुन्या रेडिओ मेकॅनिकांची शिस्त इथेही पाळावी.

ज्यांनी व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसवला आहे त्यांना यातले बहुतेक काम नवे नाही. त्यांच्या ज्ञानाला इथे पुन्हा बाजार आहे. मात्र पहिला लॉट दहा-बारा नगांपेक्षा मोठा घेऊ नये. तेवढे तपासून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून विकावेत. त्यांतले किती परत आले ते मोजावे आणि मगच पुढचे भांडवल घालावे.